बॅच चालू असताना मूडलवर नवीन सोय आणायची आहे, कोणाचं अडू नये म्हणून काय करता?

ऐरोलीची_ताई
नमस्कार मंडळी. ऐरोलीत नोकरदारांसाठी आमचा संध्याकाळचा टॅली-जीएसटीचा वर्ग आहे. धडे आणि असाइनमेंट ठेवायची आमची ऑनलाइन साइट मूडलवर चालते, ती मीच सांभाळते. बहुतेक जण रबाळे-महापेच्या एमआयडीसीतून सुटून येतात आणि ठाणे-वाशी गाडीत उभ्याउभ्या मोबाइलवर धडे बघतात.

मागे आम्ही मूडलच्या ३.११ आवृत्तीवरून ४.१ वर गेलो. मी रविवारी रात्री अपग्रेड केलं आणि कोणालाच कळवलं नाही. सोमवारी संध्याकाळी एक काकू वही घेऊन आल्या. कँटीनमध्ये काम करतात, पन्नाशीच्या आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं: ‘तीन रेघा दाबणे. आपला विषय. खाली जाणे. असाइनमेंट.’ शेजारी तीन रेघांचं चित्रही काढलेलं. म्हणाल्या, “ताई, रेघा आहेत, पण विषय कुठे गेले?” विषय ‘माझे अभ्यासक्रम’मध्ये गेले होते. जेवणाची सगळी सुट्टी त्यांनी शोधण्यात घालवली होती. मी मुदत वाढवून दिली, पण त्यांनी ते पान काट मारून पुन्हा लिहायला घेतलं तेव्हा मला फार लागलं.

आता ४.५ वर जायचंय. शिवाय व्हिडिओच्या मध्येच प्रश्न येतात ते एचफाइव्हपीचे धडे सुरू करायचेत. वर्ग बंद ठेवता येणार नाही. तुम्ही कसं करता?

घणसोली_सर्व्हर
ताई, आधी वेगळ्या सबडोमेनवर, म्हणजे वेगळ्या पत्त्यावर, साइटची हुबेहूब प्रत उभी करा. कोड, डेटाबेस आणि मूडलडेटा (अपलोड केलेल्या फाइलींचं) फोल्डर, तिन्ही हवं. आणि प्रतीचा क्रॉन (ठरावीक वेळाने आपोआप चालणारी कामं) सुरू करण्याआधी तिच्या कॉन्फिग फाइलमध्ये मेल बंद ठेवणारं ‘नोईमेलएव्हर’ ट्रू करा. नाहीतर प्रतीतून खऱ्या विद्यार्थ्यांना मेल जातात. माझ्याकडून एकदा गेले होते, रात्री ११ वाजता, जुन्या परीक्षेची आठवण म्हणून. लोक घाबरून फोन करत होते.

४.५ ला सर्व्हरवर पीएचपी (मूडल ज्या भाषेत लिहिलंय ती) किमान ८.१ लागतं आणि तुमचं मूडल ४.१.२ किंवा त्यापुढचं हवं. प्लगिन, म्हणजे वरून जोडलेल्या जादा सोयी, एकेक तपासा. मूडलला मागे फिरणं नाही, बिघडलं तर बॅकअपच परत चढवावा लागतो. तो चढतो का, हे प्रतीवर एकदा करून बघा.

कळव्याचे_मास्तर
अपग्रेड आणि एचफाइव्हपी एकाच दिवशी करू नका. काही अडलं तर कशामुळे अडलं तेच कळत नाही. एचफाइव्हपीचा एक धडा घाला, प्रवेशाची अट लावून फक्त आठ-दहा जणांच्या गटाला दाखवा. अटीसमोरचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं की बाकीच्यांचं पान होतं तसंच राहतं.

आणि ‘युजर टूर’ वापरा, मूडलमध्येच आहे, ३.२ पासून. पान उघडलं की नव्या बटणाजवळ छोटी चौकट येते. मजकूर आपण लिहायचा, तेव्हा मराठीतच लिहा. ‘तुमचे विषय आता इथे आहेत’ एवढं पुरतं.

वाशी_अकाउंट्स
मी अशाच एका वर्गाची विद्यार्थिनी होते, म्हणून सांगते. महिन्याची ११ आणि २० तारीख टाळा. जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या धावपळीत आम्ही ऑफिसातून आठला सुटतो, त्या दिवशी नवीन काही डोक्यात शिरत नाही. दुसरं, मूडल ॲपवर नेट नसताना सोडवलेलं काम फोनमध्येच पडून असतं. अपग्रेडसाठी साइट बंद करण्याआधी दोन दिवस सगळ्यांना ‘सिंक करा’, म्हणजे ते काम साइटवर चढवा, म्हणून ग्रुपवर सांगा. गाडीत रेंज जाते तेव्हा आम्ही तसंच सोडवायचो.

ऐरोलीची_ताई
सिंकचं माझ्या ध्यानातच नव्हतं, बरं झालं सांगितलंत. मास्तर, दोन्ही वेगळं करते. आधी अपग्रेड, २० तारीख उलटल्यावर, तेही शनिवारी रात्री, म्हणजे रविवार हाताशी राहतो. एचफाइव्हपी त्यानंतर, एका गटापुरतं.

प्रत आजच उभी करायला घेतली आहे. या शनिवारी काकूंना वर्गाआधी अर्धा तास बोलावलंय, त्यांच्याच फोनवर प्रत उघडून, त्यांच्याच वहीतून बघत करून घेईन. त्या जिथे थांबतील तिथे टूरची चौकट टाकेन. वहीचं नवीन पानही तेव्हाच लिहून होईल, साइट बदलण्याच्या आधी.