मदत हवी आहे: ३१६ स्टेनलेस फ्लँजला (पाइप जोडायच्या कडीला) कोणते स्टड (दोन्ही बाजूंनी नट लागणारे आटेदार बोल्ट) लावायचे?

६ इंची, क्लास ३०० (दाबाची श्रेणी) चा रेझ्ड फेस, म्हणजे उंच तोंडाचा, जोड आहे. १२ स्टड, ३/४ इंची, लांबी ४¾ इंच. गॅस्केट स्पायरल वाउंड (धातूची पट्टी आणि मऊ भरण गुंडाळलेली), तापमान २०० अंश सेल्सिअस, कोड एएसएमई बी३१.३ (प्रोसेस पाइपिंगचा).

हाताशी ए१९३ (बोल्टिंगचे मानक) बी८ ग्रेडचे, ताकदीच्या क्लास १ चे स्टेनलेस स्टड आहेत. त्यांची यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा ताणला जाऊ लागतो) फक्त ३० केएसआय (हजार पौंड प्रति चौरस इंच), आणि मेटॅलिक गॅस्केटसोबत इतके मऊ बोल्टिंग कोड हिशोबाशिवाय चालवत नाही. टॉर्क दिला की स्टडच ताणला जातो, गॅस्केट पुरती बसत नाही आणि जोड गळतो. क्लास २ असता तर टोकावर ग्रेडखाली आडवी रेघ असते. यांच्यावर ती नाही.

पर्याय दोन. पहिला, बी८एम क्लास २ (३१६ स्टेनलेस), सोबत ए१९४ (नटांचे मानक) ८एम हेवी हेक्स नट. या मापाला यील्ड ९५ केएसआय. पण स्टेनलेसवर स्टेनलेस म्हणजे आटे चिकटणार, अँटीसीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावूनही थोडी धास्ती राहतेच. दुसरा, बी७ (मिश्र पोलाद, स्टेनलेस नव्हे) आणि २एच (कार्बन पोलाद) नट. यील्ड १०५ केएसआय, पण ओल्या जागी गंजतात, आणि स्टेनलेस फ्लँज त्यांच्यापेक्षा जास्त फुगतो, म्हणजे गरम झाल्यावर ताण वाढतो.

बाहेरून पाण्याने धुणे रोजचे आहे. बी७ ला कोटिंग करून भागेल, की बी८एम क्लास २ च घ्यावेत? अँटीसीझ लावल्यावर टॉर्क किती कमी धरता?