पल्प कॅपिंगचं नवं मटेरियल: उंदरांशिवाय किती दूर जाता येतं?

प्रश्न — एन्डो_पीजी

एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण), कॉन्झर्व्हेटिव्ह. प्रबंधासाठी लाइट-क्युअर होणारं, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारं पल्प कॅपिंग मटेरियल तयार करतोय, दाताच्या आतल्या जिवंत गराला (पल्पला) झाकण्यासाठी. हेमा आणि टीईजीडीएमए ही मोनोमर (रेझिनचे सुटे रेणू) असलेलं रेझिन, त्यात ट्रायकॅल्शियम सिलिकेट आणि १ टक्का प्रोपोलिस (मधमाश्यांचा राळेसारखा पदार्थ). विस्टार उंदरांच्या वरच्या पहिल्या दाढेत पल्प उघडून मटेरियल भरावं आणि २८ दिवसांनी हिस्टॉलॉजी (ऊतींची सूक्ष्मदर्शी तपासणी) करावी, असं सुचवलं गेलंय. उंदरांशिवाय काम होण्यासारखं असेल तर तेच करायचं आहे.

एल९२९ पेशींवर (उंदराच्या पेशींची प्रयोगशाळेत वाढवलेली प्रमाणित वाण) एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) लावली, तर एका प्लेटमध्ये जिवंत पेशी २० टक्क्यांखाली आणि दुसऱ्या प्लेटमध्ये ११० टक्के. मटेरियल तेच. असं का होतं? डेंटिन (पल्पभोवतीचा दाताचा कठीण थर) मधे ठेवून करायची डेंटिन बॅरिअर टेस्ट केली तर उंदीर टळतील का? आणि एथिक्स कमिटीपुढे काय मांडायचं?

उत्तर — पेशीपालक

दोन्ही आकडे खोटे असू शकतात, आणि दोघांची कारणं वेगळी. ११० टक्क्यांचा संशय प्रोपोलिसवर. त्यातली पॉलिफेनॉल्स पेशी नसतानाही एमटीटीचं जांभळं फॉर्मॅझन करतात. बऱ्याच ठिकाणी एक्स्ट्रॅक्ट (मटेरियलच्या चकत्या मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, भिजवून मिळालेला द्रव) वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) तसंच ठेवून वरून एमटीटी घालतात, तिथे हे हमखास होतं. आयएसओ १०९९३-५ (वैद्यकीय साधनांच्या जैविक चाचण्यांच्या मानकाचा पेशींविषयीचा भाग) च्या पद्धतीत एक्स्ट्रॅक्ट आधी काढून टाकतात, मग १ मिलिग्रॅम/मिली एमटीटी ५० मायक्रोलीटर, २ तास, नंतर १०० मायक्रोलीटर आयसोप्रोपॅनॉल, वाचन ५७० नॅनोमीटरवर, संदर्भ ६५०. तुम्ही मधे एकदा पीबीएसने (बफर केलेल्या क्षार-द्रावणाने) हलक्या हाताने धुवा. जोरात धुतलं तर सुटत आलेल्या पेशी वाहून जातात. शिवाय प्रत्येक प्लेटमध्ये पेशी नसलेल्या काही वेल ठेवा, त्यात फक्त एक्स्ट्रॅक्ट आणि एमटीटी. त्या जांभळ्या झाल्या तर त्या मटेरियलसाठी एमटीटीवर एकट्याने विसंबू नका, सोबत न्यूट्रल रेड अपटेक (जिवंत पेशींनी शोषलेला रंग मोजणारी चाचणी, ५४० नॅनोमीटर) लावा. हळद, कडुनिंब, ग्रीन टी घातलेल्या सगळ्याच दंतमटेरियल्सना हे लागू आहे, आणि नेमका हाच कंट्रोल बहुतेक प्रबंधांत नसतो.

२० टक्क्यांचं मूळ मटेरियलच्या चकत्यांमध्ये शोधा. वरचा थर हवेला उघडा राहिला तर ऑक्सिजनमुळे तो नीट क्युअर होत नाही आणि मोकळा मोनोमर मीडियममध्ये उतरतो. हेमा आणि टीईजीडीएमए पेशीतलं ग्लुटाथायोन (पेशीचं संरक्षक द्रव्य) संपवतात, पेशी मरतात. साच्यावर मायलर स्ट्रिप लावा, लाइटची तीव्रता दर बॅचला रेडिओमीटरवर मोजून लिहा. चकती क्लिनिकमध्ये जेवढा थर देता तेवढ्याच जाडीची, म्हणजे १ मिमी, आणि क्युअर एकाच बाजूने. दोन्ही बाजूंनी क्युअर केलेली २ मिमीची चकती ही रुग्णाच्या दातात कधीच नसते.

प्रमाणाचं गणित: ५ मिमी व्यास, १ मिमी जाडीच्या चकतीचं पृष्ठफळ साधारण ०.५५ चौ. सेमी. आयएसओ १०९९३-१२ (त्याच मानकाचा नमुने तयार करण्याविषयीचा भाग) प्रमाणे १ मिलीला ३ चौ. सेमी, म्हणजे १० चकत्यांना सुमारे १.८ मिली मीडियम. ‘एक चकती, १ मिली’ केलं तर एक्स्ट्रॅक्ट पाचपट पातळ होतं आणि मटेरियल उगाच सुरक्षित दिसतं. ३७ अंशांवर २४ तास, १० टक्के सीरम असलेलं मीडियम. ऑटोक्लेव्ह करू नका, अल्कोहोलमध्ये बुडवू नका (मोनोमर तिथेच निघून जातो). निर्जंतुक साच्यात लॅमिनार फ्लोखाली चकत्या बनवा.

आता पीएच. सिलिकेटमुळे एक्स्ट्रॅक्ट चांगलंच अल्कधर्मी होतं आणि तेवढ्यानेही पेशी मरतात. पल्पमध्ये रक्तप्रवाह आणि बफर असतात, प्लेटमध्ये तसं काही नाही. मुख्य संचाचा पीएच बदलायचा नाही, फक्त नोंदवायचा. पीएच ७.४ वर आणलेला दुसरा संच समांतर चालवा. तो वाचला तर दोष अल्कलीचा, तोही मेला तर संशय मोनोमरवर. सोबत ५०, २५ आणि १२.५ टक्के पातळ एक्स्ट्रॅक्टही लावा. ५० टक्के एक्स्ट्रॅक्टमध्ये जिवंत पेशी १०० टक्के (अविरल) एक्स्ट्रॅक्टमधल्यापेक्षा कमी आल्या तर चाचणी पुन्हा.

वेलमागे १०,००० पेशी, २४ तास बसू द्या, मग एक्स्ट्रॅक्ट १०० मायक्रोलीटर, २४ तास. कडेच्या वेल बाष्पीभवनामुळे दगा देतात, तिथे फक्त मीडियम भरा. ब्लँकचं (एक्स्ट्रॅक्ट न घातलेल्या पेशींचं) वाचन किमान ०.२, आणि डावा-उजवा ब्लँक स्तंभ सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त सरकला तर प्लेट बाद. जिवंत पेशी ७० टक्क्यांखाली म्हणजे सायटोटॉक्सिक क्षमता आहे. निगेटिव्ह कंट्रोल (पेशींना अपाय न करणारा नमुना) एचडीपीई प्लास्टिक. पेशी पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) संग्रहातून घ्या, आणल्यावर मायकोप्लाझ्मा जिवाणूंचा संसर्ग तपासा.

उत्तर — डेंटिन_५००

बॅरिअर टेस्ट आयएसओ ७४०५ (दंतमटेरियल्सच्या जैविक चाचण्यांचं मानक) मध्ये आहे आणि चांगली आहे, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर ती देत नाही. ५०० मायक्रॉनच्या डेंटिन चकतीच्या एका बाजूला मटेरियल, दुसऱ्या बाजूला पेशी. हे इनडायरेक्ट कॅपिंग, लायनर, बॉन्डिंगचं चित्र झालं. डायरेक्ट कॅपिंगमध्ये मटेरियल आणि पल्प यांच्यामध्ये डेंटिनच नसतं. मटेरियल दोन्हींसाठी सुचवणार असाल तरच ही टेस्ट लावा. १७ टक्के ईडीटीए १ मिनिट लावून स्मिअर लेयर (कापताना पृष्ठभागावर बसलेला चुऱ्याचा थर) काढा, प्रत्येक चकतीची द्रवपारगम्यता आधी मोजा आणि जास्त-कमी पारगम्य चकत्या सगळ्या गटांत सारख्या वाटा. नाहीतर फरक दातांचा असतो आणि श्रेय मटेरियलला जातं.

डायरेक्ट कॅपिंगसाठी मानवी डेंटल पल्प पेशी घ्या, काढलेल्या अक्कलदाढांतून. त्यासाठी मानवी एथिक्स कमिटीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती लागते. २१ दिवस खनिजीकरण, अलिझरिन रेड (कॅल्शियम लाल दाखवणारा रंग, पीएच ४.२ च्या आसपास), रंग १० टक्के सेटिलपायरिडिनियम क्लोराइडने उतरवून ५६२ वर वाचन. सापळा इथे आहे: सिलिकेटमधून सुटलेलं कॅल्शियम मीडियममधल्या फॉस्फेटशी मिळून पेशींविनाच साका बनवतं आणि तोही लाल दिसतो. पेशी नसलेली वेल हवीच, आणि डीएसपीपी, डीएमपी-१ (डेंटिनच्या प्रथिनांची जनुकं) यांच्या अभिव्यक्तीशिवाय ‘डेंटिन बनलं’ असं लिहू नये. खनिजीकरणाच्या मीडियममधलं बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलरऐवजी २ ते ५ ठेवलंत तर खोटा साका कमी होतो. याच्या पुढची पायरी म्हणजे काढलेला अख्खा दात कल्चरमध्ये ठेवून पल्पवर कॅपिंग करणं. त्यात पेशींची खरी रचना टिकते, रक्ताभिसरण मात्र नसतं.

उत्तर — फॉर्म_बी

कायद्याची बाजू. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम १७ सांगतं की जिथे शक्य तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळा. उंदरांसाठी संस्थेच्या आयएईसीकडे (प्राणी-प्रयोगांच्या एथिक्स कमिटीकडे) फॉर्म बी हा अर्ज जातो, त्यात पर्यायांबद्दलचं समर्थन द्यावं लागतं. ‘रिव्ह्यूअरला इन व्हिव्हो (जिवंत प्राण्यातला प्रयोग) हवं असतं’ हे समर्थन नाही. मार्च २०२३ ची औषध-नियमांतली सुधारणा बरेच जण पुढे करतात. ती नव्या औषधांसाठी आहे. तुमचं मटेरियल मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ खाली येतं, तेव्हा आयएसओ १०९९३-१ चा आधार घ्या. तिथे आधी रासायनिक ओळख, मग इन व्हिट्रो (शरीराबाहेर, प्लेटमध्ये), प्राणी त्यानंतर. म्हणून सिनॉप्सिसमध्ये एक्स्ट्रॅक्टमधल्या हेमा-टीईजीडीएमएचं एचपीएलसीने (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) मोजमाप आधी टाका. ते कुठल्याही उंदरापेक्षा जास्त सांगून जाईल.

एन्डो_पीजी

सगळ्यांचे आभार. मग डेंटिन ब्रिजचं (उघड्या पल्पवर नव्याने बनणाऱ्या डेंटिनच्या थराचं) काय? तो तर कल्चरमध्ये दाखवता येत नाही.

उत्तर — डेंटिन_५००

नाही, येत नाही. जळजळ, रोगप्रतिकार, जिवाणूंची गळती आणि ब्रिज एकत्र पाहायचे असतील तर जिवंत दातच लागतो, आणि हे लपवू नये. पण तो प्रश्न मोनोमर किती सुटतो हे कळल्यानंतरचा. पीएच ७.४ च्या संचातही ७० टक्क्यांच्या खाली राहणारं मटेरियल उंदराच्या दातात घालणं म्हणजे उत्तर माहीत असून त्या प्राण्याला वेदना देणं. शिवाय उंदराचा पल्प फार लवकर भरून येतो, त्यामुळे निकाल मटेरियलच्या बाजूने झुकतो. प्रबंधाचं शीर्षक ‘इन व्हिट्रो मूल्यांकन’ ठेवा आणि मर्यादांमध्ये ब्रिजचं नाव घेऊन लिहा.

पुढे कोणी उंदीर वापरलेच, तर डाव्या दाढेत नवं मटेरियल आणि उजव्या दाढेत कंट्रोल अशी रचना करावी. तुलना त्याच प्राण्यात होते, म्हणून निम्मे प्राणी पुरतात.

उत्तर — पेशीपालक

एक राहिलं: सीरम. फीटल बोव्हाइन सीरम वासराच्या गर्भाच्या रक्तातून येतं, तेव्हा ‘प्राणीविरहित’ असा दावा करू नका. पल्प पेशींसाठी ५ टक्के मानवी प्लेटलेट लायसेट (फोडलेल्या रक्तबिंबिकांचा अर्क) चालतं. त्यात प्लाझ्मा असेल तर मीडियममध्ये २ युनिट/मिली हेपॅरिन (गोठणं थांबवणारं द्रव्य) आधी घाला, नाहीतर मीडियमची जेली होते. एल९२९ च्या प्लेटमध्ये मात्र सीरम बदलू नका, मग तुलनेला कुणाचेच आकडे उरत नाहीत.