घरासाठी ऑफर दिली, मालकांचं उत्तर नाही. काय करावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही दोघं पहिल्यांदाच घर घेतोय. जुनं, राहतं घर आहे, मालक स्वतः विकतायत. एजंटमार्फत लेखी ऑफर दिली. मागितलेल्या रकमेपेक्षा थोडी कमी, आणि कर्ज मंजूर झालं व कागदपत्रं वकिलांनी तपासली तरच व्यवहार, अशी अट घातली. ती अट काढायची आमची अजिबात तयारी नाही. बँकेने तत्त्वतः होकार दिलाय, पण अंतिम मंजुरी त्या घराचं मूल्यांकन झाल्यावरच मिळणार.

आता नुसती शांतता. एजंट म्हणतात, "अजून एक पार्टी आहे, रक्कम वाढवा." खरंच आहे की दबाव टाकतायत, हे ओळखायचं कसं?

ऑफरमध्ये उत्तराची मुदत लिहिलेली नाही. आता "अमुक तारखेपर्यंत कळवा" असं लेखी कळवलं तर मालक दुखावतील का? आणि तोवर दुसऱ्या घरासाठीही ऑफर द्यावी का? दोन्हीकडून होकार आला तर अडकायला होईल, ही मोठी भीती आहे.

घर मनापासून आवडलंय हो. ज्यांनी नुकतंच घर घेतलंय किंवा विकलंय, त्यांनी कृपया सांगा.