शब्दचर्चा : भय धरणे आणि भय घालणे

प्रश्न – शब्बाथशाळेची ताई, सोलापूर

सर्वांना सप्रेम सलाम. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) मी शब्बाथशाळेच्या, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या, मोठ्या मुलांचा वर्ग घेते. या रविवारी बायबलमधलं नीतिसूत्रे १:७ होतं, ‘परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ होय.’ नववीतल्या एका मुलीनं तिथल्या तिथे योहानाचं पहिलं पत्र उघडलं आणि ‘प्रीतीच्या ठायी भीती नसते’ हे वाचून दाखवलं. मग विचारलं, “ताई, मैत्रिणींना येशूबद्दल सांगायचं ते घाबरवून की प्रेमानं?” तिच्याकडे एस.टी. स्टँडवर कुणीतरी वाटलेली पत्रिका होती. वर लाल-पिवळ्या ज्वाळा, खाली ‘आज रात्री मेलास तर कुठे जाशील?’ तिनं ती मैत्रिणीला दिली होती आणि मैत्रिणीनं वाचून, घडी घालून परत केली होती. मुलगी खट्टू झाली होती. भय, भीती, धाक, भीड यांत फरक काय, आणि शास्त्रातलं (बायबलमधलं) भय यांतलं कोणतं?

उत्तर – निवृत्त मराठी शिक्षक

ताई, भय आणि भीती अर्थानं जवळजवळ एकच. भय जरा पुस्तकी, भीती रोजच्या तोंडातली. धाक वरच्याचा खालच्याला असतो. भीड मात्र वेगळी. समोरच्या माणसाचा मान राखून आपण स्वतःला आवरतो ती भीड. ‘भीड ही भिकेची बहीण’ या म्हणीनं तिला उगाच बदनाम केलं आहे.

पण तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न नामांपेक्षा क्रियापदांनी लवकर सुटेल. मराठीत भय धरतात, बाळगतात. आणि भय घालतात, दाखवतात. धरलेलं भय माझ्या मनात राहतं, घातलेलं दुसऱ्याच्या मनात जातं. शास्त्रात परमेश्वराचं भय ‘धरा’ असं जागोजागी आहे. ते शेजाऱ्याला घाला, असं मला कुठे सापडलेलं नाही.

करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ५ पाहा. अकराव्या वचनात पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की प्रभूचं भय बाळगून आम्ही माणसांची समजूत घालतो. भय पौलाचं, माणसांच्या वाट्याला समजूत. तीनच वचनं पुढे, ‘ख्रिस्ताची प्रीती आम्हांला आवरून धरते.’ एकाच दमात दोन्ही शब्द येतात आणि दोन्ही सांगणाऱ्याला लागू होतात.

त्याहून मोलाचं पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे, ३:१५. तुमच्या आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला सिद्ध असा, पण ते ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’ द्या. मूळ ग्रीकमध्ये इथे ‘फोबॉस’ आहे. योहान ज्या भीतीला प्रीती घालवून देते म्हणतो, तीही फोबॉसच. मराठी भाषांतरकारांनी एकीकडे ‘भीती’ ठेवली, दुसरीकडे ‘भीडस्तपणा’ घेतला, आणि मला ती निवड फार आवडते. देवाची बाब बोलतो म्हणून जपून बोलायचं आणि ऐकणाऱ्याचा मान राखायचा, हे दोन्ही त्या एका शब्दात बसतं. शिवाय आधी ‘विचारलं तर’ आहे. पत्रिकेवरचा प्रश्न कुणी विचारण्याआधीच अंगावर येतो.

ज्वाळांची ही भाषा जुनी आहे. १७४१ साली अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधल्या एन्फिल्डला धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांनी प्रवचनात पापी माणूस आगीवर धरलेल्या कोळ्यासारखा रंगवला, तेव्हा ऐकणारे मध्येच आक्रोश करू लागले होते. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी त्याच परंपरेच्या मंडळ्यांतले, आणि पुढे सोलापुरातही त्याच मिशननं काम केलं. पण त्यांनी नुसती भीती विकली असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने चालवले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी ना. वा. टिळक याच मिशनबरोबर नगरला राबले आणि त्यांनी ख्रिस्ताची गोष्ट अभंगांतून, कीर्तनातून सांगितली.

शंका – एक वाचक, बार्शी

सर, हे जरा सोयीचं वाटतं. मत्तय १०:२८ मध्ये येशू स्वतः म्हणतो, आत्मा व शरीर दोन्हींचा नरकात नाश करायला जो समर्थ आहे त्याला भ्या. ते गाळून सुवार्ता सांगायची का? पुढे धोका आहे हे ठाऊक असून गप्प बसणं, हे कसलं प्रेम?

उत्तर – निवृत्त मराठी शिक्षक

गाळायचं मुळीच नाही. फक्त नवव्या अध्यायाच्या शेवटापासून वाचा. लोकसमुदाय पाहून येशूला त्यांचा कळवळा येतो, मग तो आपल्या बारा शिष्यांना पाठवतो, आणि जाणाऱ्या या बाराजणांना सांगतो, ‘तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या.’ ‘भ्या’ हेही त्यांनाच सांगितलेलं आहे. लोकांच्या छळाला घाबरू नका, देवाला भ्या, असा त्याचा रोख. आणि तीनच वचनांवर, ‘भिऊ नका, पुष्कळ चिमण्यांपेक्षा तुमचे मोल अधिक आहे.’

धोका सांगावाच. पण सावध करणं वेगळं आणि धमकावणं वेगळं. यंत्रमागावर जुना कारागीर नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतो, धोटा उडतो, तोंड बाजूला ठेव. सांगून तो निघून जात नाही, त्याच मागाशी उभा राहून गाठ कशी मारायची ते शिकवतो. पत्रिका वाटणारा पुढच्या गाडीकडे गेलेला असतो.

‘कळवळा’ शब्दावरून तुकोबा आठवतातच : ‘ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती ॥’ तुमच्या विद्यार्थिनीनं स्वतःला विचारावं, मैत्रीण कधीच मंडळीत आली नाही तरी मी तिच्याशी अशीच वागेन का? उत्तर ‘नाही’ आलं तर पत्रिकेवर ज्वाळांऐवजी फुलं छापूनही उपयोग नाही. भीती दाखवणारा आणि आमिष दाखवणारा, दोघंही समोरच्याच्या होकारावर डोळा ठेवून असतात. प्रीतीला तो हिशोब नसतो.

भर – सोलापूरच्या पूर्व भागातला एक तेलुगू भाषक

सरांच्या म्हणण्यात आमच्या बाजूनं थोडी भर. मी शिकलो मराठीत, पण घरी प्रार्थना तेलुगूत. आमच्या शास्त्रात नीतिसूत्रे १:७ ला नुसतं भय नाही, ‘भयभक्तुलु’ आहे, म्हणजे भय आणि भक्ती जोडीनं. घरात मोठ्यांशी कसं वागावं हे सांगतानाही हाच शब्द वापरतात. त्यामुळे लहानपणी ते वचन ऐकून मला नरक कधी आठवला नाही; जेवणाआधी डोळे मिटून उभी राहणारी आजी आठवायची. मराठी वर्गात पहिल्यांदा ‘भय’ ऐकलं तेव्हा मात्र दचकलो होतो.

ताई, तुमच्या वर्गात आमच्याकडची मुलं नक्की असणार. पुढच्या रविवारी त्यांच्यापैकी एकाला हे वचन तेलुगूत वाचायला लावा आणि त्या मुलीलाच त्याचा मराठी अर्थ फळ्यावर लिहू द्या. काय लिहिते ते इथे जरूर कळवा.