मदत हवी आहे: फुटपाथवरच्या कुटुंबांसोबत नॅरेटिव्ह थेरपी, गाडी मुळांपाशी अडलीय

नमस्कार. मुंबईत एका उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या सहा कुटुंबांसोबत मी दीड वर्षं काम करतेय. बहुतेक घरं पारध्यांची. मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांची नॅरेटिव्ह थेरपी, म्हणजे माणसाच्या स्वतःच्या गोष्टींमधून समुपदेशन करायची पद्धत वापरते, कारण त्यात अडचण वेगळी आणि माणूस वेगळा धरतात. या लोकांना पिढ्यानपिढ्या 'तुम्हीच अडचण' असं ऐकवलं गेलंय. इंग्रजांच्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२मध्ये रद्द झाला, शिक्का पुसला नाही.

मराठीचा इथे फार उपयोग होतो. आपण 'राग येतो', 'भीती वाटते', 'टेन्शन आलं' असंच बोलतो, जणू ते बाहेरून आलेलं कुणी वेगळंच आहे. 'मग तो राग कधी येतो? कोण आलं की पळतो?' एवढं विचारलं की पोरं मोकळेपणी बोलायला लागतात. नऊ वर्षांच्या एका मुलाने रात्रीच्या भीतीचं नाव 'भोंगा' ठेवलंय. आईच्या बांगड्या वाजल्या की भोंगा गप्प बसतो, असं तोच सांगतो.

अडलंय ते जीवनवृक्षाशी, म्हणजे झाडाचं चित्र काढून त्यातून आपली गोष्ट सांगायच्या प्रकाराशी. न्काझेलो न्क्यूब आणि डेव्हिड डेनबरो यांनी तो आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या मुलांसाठी तयार केला. त्यात झाडाची मुळं म्हणजे आपण कुठून आलो ते, खोड म्हणजे अंगातले गुण, पानं म्हणजे जवळची माणसं. मी मुळांपासून सुरुवात केली आणि बाया गप्पच झाल्या. एक आजी उठून चुलीपाशी जाऊन बसली. नंतर हळूच म्हणाली, "ताई, कुठनं आलाव, हे तर पोलीसबी इचारत्यात." तेव्हापासून तो प्रश्न माझ्या तोंडून निघत नाही. पानांपासून सुरुवात करून मुळांकडे उतरावं का? की 'लहानपणी गोष्ट कोण सांगायचं?' असं विचारावं?

दुसरं म्हणजे कागद. व्हाइट आणि एप्स्टन हे दोघं आपल्याकडे येणाऱ्या कुटुंबांना पत्रं लिहायचे. मीही एका आईला लिहिलं, तिच्या मुलीने वाचून दाखवलं, आई दोनदा ऐकत बसली. महिन्याभरात सामान उचलणारी गाडी आली. ताडपत्री, भांडी, आधार कार्ड यांच्यासोबत ते पत्र आणि मुलांची झाडंही गेली. आता सांगितलेली गोष्ट त्यांच्याजवळ टिकवायची कशी? मोबाइलवर आवाज साठवून ठेवलाय का कुणी? गाण्यात किंवा गोधडीवर उतरवलंय?

आणि एक मनापासून विचारते. छप्पर मिळत नाही तोवर गोष्टींवर बोलणं त्यांना कसं वाटतं, हे तुम्ही त्यांनाच कधी विचारलंत का? काय उत्तर मिळालं?