दिव्य, कसोटी की परीक्षा? (मोत्सार्टच्या बासरीवरून)

तुंबडी: मोत्सार्टच्या 'डी त्साउबरफ्ल्योटे' (जादूची बासरी) या जर्मन ऑपेराचं कथासार मराठीत लिहितेय. आमच्या गटाला त्याचं चित्रीकरण बघायचंय आणि जर्मन कुणालाच धड येत नाही. पहिला अंक सुरळीत झाला, दुसऱ्यात अडले. राजपुत्र तामिनोला पुरोहित झारास्त्रोच्या पंथात घ्यायचं तर आधी 'प्र्यूफुंग', म्हणजे पारख: प्रथम मौन, म्हणजे त्याची लाडकी पामिना समोर आली तरी तोंड उघडायचं नाही, नंतर आग आणि पाणी. मी 'दिव्य' लिहिलं. मावशीने वाचून विचारलं, "का गं, चोरी केली होती का त्याने?" तिच्या मते दिव्य आरोपीने करायचं असतं. 'कसोटी' म्हटलं की पाच दिवसांचं क्रिकेट आणि 'परीक्षा' म्हटलं की दहावी. काय ठेवू?

बोरूबहाद्दर: मावशींना माझा नमस्कार. याज्ञवल्क्यस्मृतीत पाच दिव्यं आहेत: तूळ, अग्नी, पाणी, विष आणि कोश (देवाचं तीर्थ पिणं). ती येतात व्यवहार प्रकरणात, म्हणजे दाव्या-फिर्यादींत. आपल्याकडेही वतनाच्या भांडणांत रवा काढत. उकळत्या तेलातुपातला धातूचा तुकडा हाताने काढायचा, हात बांधून ठेवायचा, आणि फोड दिसले की दावा खोटा. तामिनोवर दावा कुणाचा?

उगाच_आपलं: शब्द काय स्मृतीत राहायला जातो? "केवढ्या दिव्यातून गेलोय" असं घराचं बांधकाम काढलेला प्रत्येक माणूस म्हणतो. त्याला कुणी "काय चोरलंस?" विचारत नाही. शिवाय आग आणि पाणी म्हणजे अग्निदिव्य आणि जलदिव्य, शब्द तयार आहेत. आता तर सीतेच्या अग्निदिव्यालाही सगळे 'अग्निपरीक्षा' म्हणतात. हिंदी मालिकांची कृपा.

बोरूबहाद्दर: 'अग्निपरीक्षा' संस्कृत आहे.

उगाच_आपलं: आहे ना. पण आली हिंदीच्या गाडीत बसून.

नीरक्षीर: तुम्ही दोघंही न्यायालयातच बसलात. मोत्सार्ट डिसेंबर 1784 मध्ये व्हिएन्नाच्या फ्रीमेसन लॉजमध्ये, म्हणजे एका गुप्त बंधुसंघाच्या शाखेत, दाखल झाला होता, आणि या नाटकात त्यांचा तीनाचा आकडा जिथे तिथे आहे: तीन स्त्रिया, तीन मुलगे, तीन मंदिरं. 'प्र्यूफुंग' हा प्रवेशविधी आहे. दिव्याने निकाल लागतो, माणूस तोच राहतो. इथे माणूस बदलायचा आहे. शब्द 'दीक्षा'.

तुंबडी: पण दीक्षा शेवटी मिळते ना? आगीतून चालणं म्हणजे दीक्षा नव्हे, दीक्षेआधीचं काहीतरी. आणि पामिनाला तर कुणी परीक्षेला बसवलेलंच नाही. ती ऐनवेळी येते आणि म्हणते, मी तुला नेते, मला प्रेम नेईल. मग दोघं बासरी वाजवत आगीतून जातात. पुरुषांच्या पंथात ही बाई अशी शिरते!

उगाच_आपलं: बोरूबहाद्दर, तुम्ही सांगितलेल्या श्लोकाचा पुढचा तुकडा का गाळलात? 'दिव्यानीह विशुद्धये'. आणि त्या आगीपाण्याच्या दारावरचे चिलखतवाले काय गातात? या वाटेने जाईल तो अग्नी, जल, वायू आणि पृथ्वी यांनी शुद्ध होईल. मग दिव्य नाही तर काय?

बोरूबहाद्दर: ती 'विशुद्धी' म्हणजे आरोपातून सुटका. आत्म्याची धुलाई नव्हे.

पावशेर: दिव्य राहू द्या, शीर्षकाचं बघा. 'जादूची बासरी' कशी चालेल? पामिना सांगते की बापाने ती हजार वर्षांच्या ओक वृक्षाच्या गाभ्यातून कोरली, विजा कडाडत होत्या तेव्हा. बासरी म्हणजे वंश, म्हणजे बांबू. वेणूही बांबूच.

उगाच_आपलं: मग तुमच्याकडे खोबरेल तेल मिळत नसेल. तेल म्हणजे तिळाचं. आणि लाल शाईही नसेल, कारण शाई म्हणजे काळी.

पावशेर: बरं, पण किमान 'जादुई' लिहू नका. ते हिंदी आहे.

नीरक्षीर: 'जादू' फारसी आहे, ते चालतं वाटतं? आणि 'पावा' तामिनोच्या सोबत्यासाठी, पाखरं धरणाऱ्या पापागेनोसाठी राखून ठेवा. त्याच्याकडे नळ्या जोडलेलं छोटं वाद्य असतं, पाच स्वरांचं. दोघांनाही बासरी दिलीत तर राजपुत्र कोण ते कळणार नाही.

गिरगावातला: आमच्या वडिलांसाठी ऑपेरा म्हणजे बसचा थांबा. "ऑपेराला उतर" एवढंच. 1911 चं रॉयल ऑपेरा हाउस, पण आमच्या लेखी तिथे सिनेमाच. मुद्दा: याला 'संगीतिका' म्हणू नका. मधले संवाद बोलायचे असतात, जर्मनमध्ये त्याला झिंगश्पील म्हणतात. म्हणजे चक्क आपलं संगीत नाटक. 1880 च्या 'शाकुंतल'च्या प्रेक्षकाला काही समजावावं लागलं नसतं. शिकानेडरने संहिता लिहिली, थिएटर त्याचंच, आणि 30 सप्टेंबर 1791 च्या पहिल्या प्रयोगात पापागेनोही तोच. मंडळीचा मालक, दुसरं काय!

बोरूबहाद्दर: संगीत नाटकात गाणं रंगलं की 'वन्स मोअर' आणि मग नाटक थांबतं.

गिरगावातला: तिथेही गाणी पुन्हा गायला लावत होते. मोत्सार्टनेच बायकोला पत्रात कळवलंय.

सोनटक्का: रात्रीच्या राणीचं, पामिनाच्या आईचं, काय केलंत? 'रातराणी' नको बरं का. एक तर कुंपणावरचं झुडूप, नाही तर एसटीची गाडी. मोत्सार्टच्या मेहुणीसाठी लिहिलेली भूमिका, गळा पार वरच्या 'फा' या स्वरापर्यंत चढवायचा, मुलीच्या हातात सुरी देऊन झारास्त्रोला मार म्हणायचं, आणि नाव एसटीचं!

पावशेर: 'निशाराज्ञी'.

सोनटक्का: तुम्ही उच्चारून दाखवा आधी.

तुंबडी: मंडळी, दिव्य की कसोटी?

नीरक्षीर: मौनाला कसोटी, आगीला दिव्य. बोरूबहाद्दर रागावतील, रागावू देत.

बोरूबहाद्दर: रागावलोच आहे. एका शब्दाला दोन प्रतिशब्द म्हणजे अनुवाद नव्हे, वाटणी.

सोनटक्का: आणि पापागेनोला 'पारधी' लिहिलं असेल तर काढा. ती जमात आहे, धंद्याचं नाव म्हणून वापरू नये.

पावशेर: 'व्याध' घ्या.

सोनटक्का: व्याध बाण मारतो. हा जिवंत पाखरं पकडून राणीच्या त्या तीन स्त्रियांना देतो, बदल्यात दारू आणि अंजीर घेतो. 'पाखरधऱ्या' म्हणा.

बोरूबहाद्दर: कुठल्या कोशात आहे हा?

सोनटक्का: तुमच्या नसेल. खिसेकापू कोशात बघून खिसा कापत नाही.

गिरगावातला: आणि त्याच्या पहिल्याच गाण्यात 'हाइसा, होप्सासा' आहे, त्याचं काय करणार?

उगाच_आपलं: कोळ्यांचं 'हैया हो' घ्या.

सोनटक्का: अहो, पाखरं धरतो तो. मासे नाही.