तापाचं औषध: वजन बघा, वय नको

ताई, फ्लूच्या तापात दर चार तासांनी पॅरासिटामॉल द्यायचंच का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. मूल खेळत असेल, पाणी पीत असेल तर १०१ ला धावाधाव नको. किरकिर, अंगदुखी असेल तर द्या, पण वजनावर: किलोमागे १० ते १५ मिग्रॅ, दोन डोसांत किमान चार तास.

खरा घोळ बाटलीत आहे. आपल्याकडे थेंब १ मिलीत १०० मिग्रॅ, एक सिरप ५ मिलीत १२५ आणि दुसरं ५ मिलीत २५०. दहा किलोच्या बाळाला १५० मिग्रॅ म्हणजे थेंबांचे दीड मिली, पहिल्या सिरपचे सहा, दुसऱ्याचे तीन. "एक चमचा दे" हा सल्ला इथेच फसतो. सर्दीच्या मिश्र सिरपमध्येही पॅरासिटामॉल असू शकतं, लेबल वाचा.

अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. फ्लूमध्ये मुलांना दिल्यास राय सिंड्रोमचा धोका असतो, त्यात मेंदू आणि यकृतावर घाला येतो. निमेसुलाइड या ताप-दुखीच्या औषधावर तर १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून भारतात बंदी आहे; घरातली जुनी बाटली असेल तर टाकून द्या. बर्फाच्या पट्ट्यांनी मूल फक्त कुडकुडतं.

ऑसेल्टामिव्हिर ताप उतरवायचं औषध नाही, ते फ्लूच्या विषाणूवर आहे. पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी. दोन वर्षांखालचं किंवा दमेकरी मूल असेल तर डॉक्टरांना लवकर विचारा. श्वास जोरात, बरगड्या आत ओढल्या जातायत, लघवी कमी, गुंगी, किंवा तीन महिन्यांखालचं बाळ तापलंय: थेट दवाखाना.